संकटात मन सावरावे कसे?



‘काळजी करू नका, सगळे चांगले होईल’ असे आपण एकमेकांना नेहमी म्हणतो. हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्या घरावर संकट कोसळले आहे त्याला या शब्दांनी धीर येतोच असे नाही. सकारात्मक वृत्ती म्हणजे दुःख नाहीच असे दाखवणे नव्हे. गेले ते गेले हे मान्य करायचे, उरले ते मोजायचे आणि पुढचे एक काम हाती घ्यायचे, हा तिचा खरा अर्थ.

मी सध्या मुलाकडे दुबईत, जुमेरा लेक टॉवर्स येथे राहतो. माणसाने तयार केलेली तळी आणि त्यांच्याकाठी उंच इमारती, असा हा भाग. पाहणाऱ्याला वाटते, इथे कुणाला कसली चिंता? पण इथे बहुतेकांचे वास्तव्य नोकरीवर अवलंबून असते. नोकरी गेली की घरभाडे, नातवंडांची शाळा, आम्हा म्हाताऱ्यांचा व्हिसा, सगळे प्रश्न एकदम उभे राहतात.

गेल्या वर्षी आमच्या मुलाची नोकरी गेली. आम्हाला त्रास नको म्हणून पंधरा दिवस त्याने सांगितले नाही. शेवटी सौ.ने त्याला जवळ बसवून सरळ विचारले, तेव्हा तो मोकळा झाला. त्याच रात्री आम्ही वही घेऊन बसलो. एका बाजूला काय गेले, दुसऱ्या बाजूला काय उरले, असे लिहून काढले.

उरलेल्यांत एक मोलाची गोष्ट निघाली. या देशात १ जानेवारी २०२३ पासून नोकरी जाण्याचा विमा लागू झाला आहे. सलग १२ महिने हप्ते भरलेले असतील, आणि नोकरी राजीनाम्यामुळे किंवा शिस्तभंगामुळे गेलेली नसेल, तर मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम, ठरलेल्या मर्यादेत, जास्तीत जास्त ३ महिने मिळते. अर्ज मात्र ३० दिवसांच्या आत करावा लागतो. म्हणजे निम्मी मुदत गप्प राहण्यातच गेली होती! दुसऱ्याच दिवशी अर्ज झाला. नवी नोकरी मिळायला चार महिने लागले, पगारही पूर्वीपेक्षा कमी आहे. पण घर टिकले. आपली मुले या देशात असतील तर या विम्याचे हप्ते चालू आहेत ना, एवढे आजच विचारा.

आपल्या संतांचे चरित्रही हेच शिकवते. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, पत्नी गेली. त्यानंतर त्यांनी देहूचे मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर दुरुस्त करायला घेतले आणि लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले, असे परंपरा सांगते. दुःख होतेच, पण हातांना काम होते.

शरीर साथ देत नाही, ही आपल्या वयातली मोठी तक्रार. आनंदवनाच्या बाबा आमटे यांना मणक्याच्या आजारामुळे बसता येत नसे. ते उभे राहून किंवा आडवे पडून काम करत. १९८५ साली, सत्तरी गाठलेली असताना, ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रेला निघाले, तेही गाडीत आडवे पडून. बसता येत नाही हे त्यांनी मान्य केले आणि काय करता येते ते पाहिले.

आपल्यालाही हे जमेल. अडचण आली तर घरातल्या एका तरी माणसाला त्याच दिवशी सांगावी. जेवण, झोप, औषधे आणि नामस्मरण यांच्या वेळा मोडू नयेत. रोज एक लहान काम पुरे करावे. मदत घेण्यात कमीपणा मानू नये, कारण आज घेणारा हात उद्या देणारा होतो. आणि महिना महिना झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

शेवटी एक विनंती. आपल्या गावात असे अनेक ज्येष्ठ आहेत ज्यांची मुले परदेशी आहेत आणि जे आपली अडचण कुणाला सांगत नाहीत. असे घर माहीत असल्यास मंदिर कार्यालयात कळवावे; नाव गुप्त राहील. ज्यांना शक्य आहे त्यांनी औषधोपचार निधीला यथाशक्ती हातभार लावावा. ज्यांना ते शक्य नाही, त्यांनी आठवड्यातून एकदा अशा घरी जाऊन घटकाभर बसावे. ही सेवाही तितकीच मोठी आहे.

सर्वांना आरोग्य व समाधान लाभो, हीच प्रार्थना.