सगळ्यांचे श्वास अठराच कसे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रुग्णालयाच्या मेडिकल वॉर्डात दुपारच्या पाळीला मी ओळीने सगळे चार्ट वाचत गेले. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी, बीपी वेगळं. श्वासाच्या खान्यात मात्र अठरा, अठरा, वीस, अठरा. उद्या घरी जाणाऱ्या तरुणाचे अठरा, आणि तीन उशांना टेकून कशाबशा बसलेल्या आजींचेही अठरा. चार्ट भरणाऱ्यांत माझ्या विद्यार्थिनीही होत्या.

मी नर्सिंगच्या मुलामुलींना रुग्णतपासणी शिकवते. तापमापक आकडा दाखवतो, बीपीचं मशीन दाखवतं, बोटाला लावलेला ऑक्सिमीटर दाखवतो. श्वासाचं तसं नाही. तो माणसाने माणसाकडे मिनिटभर बघूनच मोजावा लागतो, आणि म्हणून तोच आधी गळतो. हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली आलेल्या लेखाच्या शीर्षकातच श्वासगतीला ‘दुर्लक्षित’ लक्षण म्हटलं होतं.

दुर्लक्षित, आणि तरीही सगळ्यात आधी बोलणारं. शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला, पेशींना रक्तपुरवठा कमी पडू लागला की रक्तात आम्ल वाढतं. मेंदूच्या देठातली आणि मानेतल्या धमनीजवळची संवेदनाकेंद्रं ते लगेच टिपतात आणि श्वास वाढवतात, कारण जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला की रक्तातलं आम्ल उतरतं. म्हणजे शरीर सांभाळून घेत असतं, म्हणूनच ऑक्सिमीटर त्या वेळी ९६-९७ दाखवू शकतो. बीपीसुद्धा ठीक असतं. बिघाड तेव्हा फक्त छातीच्या हालचालीत दिसतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२मध्ये धोक्याची आगाऊ सूचना देणारी गुणपद्धत तयार केली. तिच्यात मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे शून्य गुण. २१ ते २४ झाले की दोन, आणि २५ किंवा त्याहून जास्त झाले की एकदम तीन. वीस आणि पंचवीस यांत इतकं अंतर आहे, आणि आपण अंदाजाने अठरा लिहून पुढच्या पलंगाकडे जातो.

मोजायचं कसं, ते मी पलंगाशीच दाखवते. रुग्णाला ‘तुमचे श्वास मोजते’ असं सांगायचं नाही. सांगितलं की माणूस नकळत श्वासाकडे लक्ष देतो आणि लय बदलते. आधी मनगट धरून नाडी मोजायची. मग बोटं तिथून न काढता, त्यांचा हात हलकेच त्यांच्या छातीवर किंवा पोटावर टेकवायचा आणि नजर छातीकडे न्यायची. छाती वर आली, खाली गेली की एक. घड्याळाचा काटा पूर्ण फेरी मारेपर्यंत. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका श्वासाच्या चुकीचे चार श्वास होतात. त्या मिनिटात आणखीही खूप दिसतं: नाकपुड्या फुलतायत का, मानेचे स्नायू ताणले जातायत का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का, बोलताना वाक्य मध्येच तुटतंय का.

छाती ठोकून बघणं, स्टेथोस्कोपने ऐकणं हे सगळं मुलं हौसेने शिकतात. पोट तपासताना आधी ऐकायचं आणि दाबून मग बघायचं, कारण दाबल्याने आतड्यांचे आवाज बदलू शकतात, हेही त्यांना तोंडपाठ असतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१च्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात आरोग्य-तपासणीचा वेगळा भागच आहे. पण या सगळ्याच्या आधी बघणं येतं, आणि नुसतं बघत उभं राहणं मुलांना काम वाटत नाही.

त्या दुपारी मी एका मुलीला उशांना टेकलेल्या आजींजवळ उभं केलं. “पूर्ण मिनिट,” एवढंच म्हटलं. तिने नाडी मोजली, हात तसाच धरून ठेवला. आजींनी विचारलं, “किती वेळ गं धरतेस, पोरी?” ती नुसती हसली. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, “मॅडम, अठ्ठावीस.” ताप नव्हता. म्हाताऱ्या माणसांत न्यूमोनिया तापाशिवायही येतो. डॉक्टरांना लगेच बोलावलं, एक्स-रे झाला, संध्याकाळच्या आत औषध सुरू झालं.

हे काम यंत्राशिवाय, शाळेची पायरी न चढलेल्या माणसालाही जमतं, ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या सुइणींसाठी श्वास मोजायचं एक साधं साधन केलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास, ही सीमा. बाळ रडत किंवा दूध पीत असताना मात्र मोजायचं नाही. त्यांच्या भागात गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून उपचार केल्याने बालमृत्यू घटले, हा अभ्यास १९९०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

एक गोष्ट मला मुलांवर ढकलता येत नाही. चाळीस रुग्णांमागे पाळीला एक सिस्टर असेल, तर नुसते श्वास मोजायलाच चाळीस मिनिटं लागतात. तो वेळ तिला कुणी दिलेला नसतो. सलाइन बदलायचं असतं, इंजेक्शनं द्यायची असतात, नातेवाईक समोर उभे असतात. अठरा हा आकडा त्या घाईतूनही येतो, आणि मनुष्यबळ ठरवणाऱ्यांनी त्यात ही मिनिटं धरली पाहिजेत.

माझ्या हातात होतं ते मी बदललं. आता पहिल्या आठवड्यात दोघी-दोघी एकाच रुग्णाचे श्वास एकाच वेळी मोजतात आणि एकमेकींना न दाखवता चिठ्ठीवर लिहितात. सुरुवातीला चार-पाचचा फरक पडतो. महिन्याभरात तो एकदोनवर येतो. चिठ्ठ्या उघडताना त्या वर्गात जो गलका होतो, तो मी थांबवत नाही.