भात कुकरचा की पातेल्यातला?

मागच्या पंधरवड्यात ओळखीच्या एक काकू दोन नातवंडांना घेऊन दवाखान्यात आल्या. सकाळी आठला फोडणीचा भात खाल्ला आणि दहाच्या सुमारास दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. "डॉक्टर, हा विजेच्या कुकरचा प्रताप! पातेल्यातल्या भातानं आमच्याकडे कधी असं केलं नाही," काकूंनी निकालच दिला. मी विचारले, रात्री वीज होती का? "अकराला गेली, पहाटे आली. पण भात सकाळी चांगला गरम होता हो!"

इथेच गोम आहे. हा शिट्टीचा कुकर नव्हे. विजेचा स्वयंचलित कुकर जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली बाजारात आणला. आता तो आपल्याकडेही दिसतो. साध्या कुकरच्या बुडाखाली स्प्रिंगवर बसवलेले लोहचुंबक असते. भांड्यात पाणी आहे तोवर बुडाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. पाणी तांदळात मुरले की ते चढू लागते. ठरावीक तापमानाला तिथल्या खास मिश्रधातूची चुंबकाला चिकटण्याची शक्ती जाते, खटका पडतो आणि कुकर भात नुसता गरम ठेवू लागतो. पातेल्यापाशी उभे राहून गृहिणी जे नजरेने ओळखते, ते इथे चुंबक ओळखते, एवढेच.

पण तांदळात काही जंतूंचे बीजाणू असतात. ते उकळूनही मरत नाहीत. भात ६० अंशांच्या वर राहिला तर ते वाढत नाहीत. वीज गेली की मात्र तो हळूहळू कोमट होतो, आणि कोमट भात ही या जंतूंची पंगतच. त्यांनी केलेले विष नंतर कितीही फोडणी दिली तरी जात नाही. काकूंचा भात पहाटे पुन्हा गरम झाला, म्हणून कुणाला शंका आली नाही. रात्रभर झाकून ठेवलेल्या पातेल्यातही हेच घडते, बरे का!

म्हणून जेवणे झाली की उरलेला भात ताटात पसरून निववावा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा. फ्रीज नसेल तर बेताचाच रांधावा.

आता पातेल्याबद्दल. भरपूर आधणात तांदूळ वैरून भात वेळला की पेजेबरोबर ब१ जीवनसत्त्वाचा बराच भाग निघून जातो. कुकरमध्ये पाणी भातातच मुरते, म्हणून तो वाचतो. पेज मोरीत ओतणाऱ्यांचे मला नवल वाटते. कोकणात ती मीठ घालून पितात, आमटीतही चालते. मधुमेही मंडळी 'वेळलेला भात चालतो ना?' असे हमखास विचारतात. वेळल्याने थोडेफार पिठूळ निघते, पण ताटातला भात शेवटी भातच. वाटी मोजून घ्यावी, सोबत डाळ-भाजी जास्त घ्यावी.

मुलांना घोट घोट जलसंजीवनी दिली, संध्याकाळपर्यंत दोघेही खेळायला लागली. निघताना काकूंनी विचारले, "मग कुकर विकून टाकू?"

"नको. फक्त रात्री रिकामा करून झोपा."