अहिंसेची तपासणी : भंडाऱ्याच्या अग्निकांडाने शिकविलेले

९ जानेवारी २०२१. शनिवार उजाडण्यापूर्वीची वेळ. मध्यरात्रीनंतर दीड-दोनच्या सुमारास भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षातून धूर येत असल्याचे परिचारिकेच्या लक्षात आले. आजारी, कमी वजनाची आणि अकाली जन्मलेली बालके या कक्षात ठेवली जात. त्या रात्री तेथे सतरा बालके होती. कक्षाचे दोन भाग होते. एका भागातील सात बालकांना बाहेर काढण्यात यश आले. दुसऱ्या भागातील दहा बालके दगावली. तिघांचा मृत्यू भाजल्याने व सात जणांचा गुदमरल्याने झाला, असे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले होते.

भाताची शेती, भातगिरण्या, विड्या आणि पितळेची भांडी यांसाठी ओळखला जाणारा हा जिल्हा त्या सकाळी देशभर शोकाचा विषय झाला. आपल्या बाळासाठी गावोगावच्या मजूर मायबापांनी जी जागा सर्वांत सुरक्षित मानली होती, तेथेच ही दुर्घटना घडली. राज्य शासनाने मृत बालकांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. चौकशी समिती नेमली गेली. बालकांना ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी विजेचा बिघाड होऊन आग लागल्याचा निष्कर्ष निघाला आणि काही डॉक्टर व परिचारिकांवर निलंबन, बडतर्फी व बदली अशी कारवाई झाली.

या घटनेतील सर्वांत बोचणारी बाब मात्र आगीच्या कितीतरी आधीची आहे. रुग्णालयात अग्निसुरक्षा यंत्रणा बसविण्याचा प्रस्ताव मंजुरीच्या वाटेवर अडकून पडला होता, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. उणीव कोणालाच ठाऊक नव्हती, असे म्हणता येत नाही. ती कागदावर नोंदलेली होती आणि कागद मेजावर पडून होता.

धुराचे गणित

अशा कक्षात आग इतकी घातक का ठरते, हे समजून घेतले पाहिजे. वॉर्मर, मॉनिटर, पंप ही उपकरणे रात्रंदिवस चालू असतात. वायरिंग जुने असेल, एका सॉकेटवर अनेक उपकरणे जोडलेली असतील, तर जोडणीच्या जागा तापत राहतात. प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु ज्वलनाला प्रचंड चालना देतो. त्यामुळे एरवी विझून जाणारी ठिणगी तेथे पेट घेते. गादी, प्लास्टिकच्या नळ्या व आवरणे जळताना विषारी धूर निघतो. तापमान राखण्यासाठी खोली बंद ठेवलेली असते, म्हणून धुराला बाहेर जाण्यास वाट मिळत नाही. काही मिनिटांत समोरचे दिसेनासे होते. मोठा रुग्ण निदान हाक मारू शकतो. दोन दिवसांचे बाळ तेही करू शकत नाही. म्हणूनच बालकांच्या जागेत धूर ओळखणारी घंटा, दुसरे दार आणि रात्री जागे असलेले प्रशिक्षित मनुष्यबळ यांना पर्याय नाही. तेथे पहिल्या दोन-तीन मिनिटांतच निर्णय लागतो. अग्निशमन दलाचा बंब कितीही तत्पर असला तरी तो त्यानंतरच पोहोचतो.

कायद्याने भार कोणावर ठेवला आहे?

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ या कायद्याने इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर, म्हणजे ती जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्यावर ठेवली आहे. यंत्रणा बसविण्याचे काम परवानाधारक एजन्सीकडून करून घ्यावे लागते. त्याहून महत्त्वाचे हे की, बसविलेली यंत्रणा सुस्थितीत चालू असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. त्रुटी आढळल्यास नोटीस देण्याचे, प्रसंगी वीज व पाणी तोडण्याचे आणि जागा मोहोरबंद करण्याचे अधिकारही कायद्यात आहेत. खासगी रुग्णालयांना याशिवाय १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी करून तिचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते.

कायदा अपुरा आहे, असे यावरून दिसत नाही. अडचण अंमलबजावणीत आहे. भंडाऱ्यानंतर राज्यातील रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करण्याचे आदेश निघाले. तरीही २३ एप्रिल २०२१ रोजी विरार येथील रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून त्या दिवशी तेरा रुग्ण दगावले. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत अकरा जणांचे प्राण गेले. दोष नोंदविणारी तपासणी आणि दोष दूर करणारी तपासणी यांत जे अंतर राहते, त्याची किंमत प्रत्येक वेळी रुग्णाने मोजली.

राज्याबाहेरचे अनुभवही हेच सांगतात. २५ मे २०२४ च्या रात्री दिल्लीतील विवेक विहार भागात एका खासगी शिशू रुग्णालयाला आग लागून किमान सहा नवजात बालके मृत्युमुखी पडली. त्या रुग्णालयाच्या परवान्याची मुदत ३१ मार्च रोजीच संपली होती. परवाना पाच खाटांचा होता आणि त्या रात्री तेथे बारा बालके होती. ३१ मार्च ही तारीख व्यापाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. त्या दिवशी साठ्याचा हिशेब पूर्ण होतो, उधारी तपासली जाते, रुपया-पैशांचा मेळ बसतो. त्याच दिवशी संपलेल्या एका परवान्याकडे मात्र पुढचे जवळजवळ आठ आठवडे कोणी पाहिले नाही. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरच्या रात्री झांशीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील नवजात कक्षात आग लागली आणि दहा बालके गेली. तेथेही क्षमतेहून कितीतरी अधिक बालके दाखल होती.

पडिलेहण आणि अतिभारारोपण

तपासणी ही सरकारने लादलेली कटकट, असा व्यापारी वर्गातील सर्वसाधारण समज असतो. जैन परंपरेला मात्र तपासणी परकी नाही. श्वेतांबर साधू-साध्वी दररोज सकाळ-संध्याकाळ आपली वस्त्रे, पात्रे आणि उपकरणे बारकाईने पाहतात; यालाच प्रतिलेखन अथवा पडिलेहण म्हणतात. दिगंबर मुनी बसण्यापूर्वी पिंछीने जागा मृदुपणे स्वच्छ करतात. पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती तर वस्तू उचलताना व ठेवताना पाहून, जपून वागण्याचाच नियम आहे. काल पाहिले होते म्हणून आज पाहण्याची गरज नाही, अशी सवलत या आचारात नाही. डोळ्यांनाही क्वचितच दिसणाऱ्या जीवासाठी ज्या परंपरेने दिवसातून दोनदा तपासणी सांगितली, तिच्या अनुयायांना वर्षातून दोनदा करावयाची तपासणी जड का वाटावी?

आचार्य उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’त हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, केंद्रस्थानी ठेवले आहे. ‘मारण्याचा हेतू नव्हता’ एवढे म्हटल्याने सुटका होत नाही. सावधपणा होता की नाही, हा प्रश्न उरतो. त्याच सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले असून त्यांत ‘अतिभारारोपण’ आहे. बैलावर वा हमालावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे, असा त्याचा अर्थ पाठशाळेत शिकविला जातो. पाच खाटांच्या परवान्यावर बारा बालके ठेवणे, एका वायरवर पाच यंत्रे चालविणे, एका परिचारिकेवर दोन कक्ष सोपविणे हे त्या अतिचाराचे आजचे रूप मानले, तर त्यात अर्थाची ओढाताण होणार नाही.

संस्थाचालकांसमोरील प्रश्न

हा विचार समाजाला थेट लागू पडतो. विदर्भासह महाराष्ट्रभर जैन समाजाच्या दानातून शाळा, विद्यार्थी वसतिगृहे, धर्मशाळा, दवाखाने, पाठशाळा उभ्या आहेत. त्यांचे विश्वस्त बहुधा व्यापारीच असतात. दुकानाच्या मालाचा विमा वेळेवर उतरविणारा आणि गोदामात धूम्रपानास सक्त मनाई करणारा गृहस्थ संस्थेच्या बैठकीत मात्र अहवालावर विश्वासाने सही करतो. देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते; नव्या मजल्याला वाढीव वीजभार मंजूर आहे काय, हे कोणी विचारत नाही. कायद्याच्या दृष्टीने संस्था भोगवटादार ठरली की तिच्या कारभाऱ्यांना उत्तरदायित्व टाळता येत नाही.

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातील आग गवती छपराला लागून ९४ मुले मरण पावली. त्या दुर्घटनेच्या संदर्भातील याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल देताना सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानला. इमारत देणगीतून उभी राहिली, शुल्क नाममात्र आहे, सेवाभाव मोठा आहे, या कारणांनी मुलाचा तो हक्क कमी होत नाही.

पाळणाघरांचेही तेच. तीसहून अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर असावे, ही तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमातच होती. २०१७ च्या प्रसूतिलाभ दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा दिली. ज्यांच्या गिरण्या-कारखान्यांत स्त्रिया कामाला आहेत, त्या मालकांनी ही सोय केवळ निरीक्षकाला दाखविण्यापुरती, मालाच्या कोठीशेजारच्या खोलीत करू नये. ज्या खोलीत स्वतःचे नातवंड निर्धास्तपणे ठेवता येईल, तीच जागा योग्य, एवढी साधी कसोटी पुरेशी आहे.

बैठकीच्या कार्यसूचीत काय असावे?

प्रत्येक संस्थेच्या विश्वस्त मंडळाने जानेवारी व जुलैच्या बैठकीत पुढील बाबी प्रत्यक्ष पाहून इतिवृत्तात नोंदवाव्यात :

१. अग्निसुरक्षेचे सहामाही प्रमाणपत्र आणि सर्व परवान्यांच्या मुदती. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधी जावा.

२. परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंगची तपासणी. मंजूर वीजभार व प्रत्यक्ष वापर यांचा मेळ. गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण चालू आहे की नाही.

३. अग्निशामक नळकांड्यांची पुनर्भरणाची तारीख व दाबाचा काटा. ती कुलपाआड नसावीत आणि रात्रपाळीच्या सेवकाला वापरता यावीत.

४. दुसरे दार, जिना व बोळ मोकळा आहे काय. वसतिगृहाला रात्री बाहेरून कुलूप घालण्याची पद्धत तत्काळ बंद करावी.

५. मंजूर क्षमता व प्रत्यक्ष संख्या. पर्युषणात वा लग्नसराईत धर्मशाळेतील संख्या वाढते, तेव्हा हा मुद्दा विशेष पाहावा.

६. वर्षातून दोनदा सराव. त्यांपैकी एक रात्रीच्या वेळी.

७. मागील तपासणीतील त्रुटी, त्यांचा खर्च, जबाबदार व्यक्तीचे नाव आणि पूर्ततेची तारीख.

यांतील सातवी बाब सर्वांत महत्त्वाची. भंडाऱ्यात नेमका तोच दुवा तुटला होता. प्रस्ताव होता, पूर्तता नव्हती. व्यापारी हिशेबात येणे रक्कम वसूल होईपर्यंत खात्यावर उभी राहते. सुरक्षेची त्रुटीही दूर होईपर्यंत प्रत्येक बैठकीत पुढे ओढली गेली पाहिजे.

खर्चाचा प्रश्न निघेलच. धूर ओळखणारी यंत्रणा, नवे वायरिंग, लोखंडी जिना यांवर देणगीदाराचे नाव झळकत नाही, म्हणून त्यांना पैसा मिळणे कठीण जाते. यावरचा उपाय समाजाच्याच हाती आहे. अभयदान हे आपल्याकडे श्रेष्ठ दान मानले गेले आहे. एखाद्या वसतिगृहातील शंभर मुलांच्या निर्भय झोपेसाठी दिलेला निधी अभयदान म्हणूनच स्वीकारावा आणि तसाच जाहीर करावा. चातुर्मासात बोलींच्या वेळी ‘सुरक्षा निधी’ची एक बोली ठेवण्यासही हरकत नसावी.

भंडाऱ्याच्या त्या दहा बालकांपैकी कित्येकांचे अजून बारसेही झाले नसेल. त्यांचे स्मरण वर्षातून एकदा मेणबत्ती लावून होईल, त्याहून खरे स्मरण जानेवारीच्या बैठकीत एका विश्वस्ताने खुर्चीवरून उठून जिन्याचे दार स्वतः उघडून पाहण्याने होईल.