धाब्याचे घर

धाब्याचे घर म्हणजे लाकडी सांगाड्यावर मातीचे जाड, सपाट छत असलेले पारंपरिक घर होय. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत, अशी घरे आढळतात. मराठवाड्यात याच प्रकारच्या घरास माळवदाचे घर म्हणतात. 'धाबे' हा शब्द मुळात छतासाठी वापरला जातो. उन्हाळ्यात घराचा आतील भाग दिवसा थंड ठेवणे, हे या रचनेचे सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य मानले जाते.

हवामान

जळगाव व भुसावळ परिसरात मे महिन्यात कमाल तापमान अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या काळात पडतो व तो कोकणाच्या तुलनेत बराच कमी असतो. त्यामुळे कोकणात अपरिहार्य असलेल्या उतरत्या छपराऐवजी येथे सपाट मातीचे छत टिकू शकते.

रचना

छताचा भार भिंतींवर न टाकता बहुधा लाकडी खांबांवर घेतला जातो. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवे सर आणि सरांवर लाकडाच्या चिपा, फळ्या किंवा काटक्या दाटीने बसवितात. त्यावर कडुलिंबाचा किंवा पळसाचा पाला पसरून मातीचे थर चोपून बसविले जातात. पाल्यामुळे माती खाली गळत नाही. कडुलिंबाच्या कडवटपणामुळे किडीचा उपद्रवही कमी होतो. सर्वांत वर खाऱ्या मातीचा थर देतात. या मातीतील सोडिअममुळे चिकणमातीचे सूक्ष्म कण ओले होताच सुटे होऊन छिद्रे बुजवितात व पाणी आत झिरपण्यास अडथळा होतो. छताला थोडा उतार देऊन पाणी पन्हाळीतून बाहेर सोडले जाते.

उष्णतारोधन

माती ही थर्मोकोलसारखी उत्तम उष्णतारोधक नाही. तिचा उपयोग जाडी व वजन यांमुळे होतो. दिवसभरातील उष्णता जाड थरात साठत राहते आणि आतील पृष्ठभागापर्यंत ती कित्येक तास उशिरा पोहोचते. त्यामुळे भर दुपारी खोली गार राहते. रात्री मात्र तीच उष्णता आत उतरू लागते. उन्हाळ्यात धाब्यावर किंवा अंगणात झोपण्याच्या प्रथेचा या क्रमाशी थेट संबंध आहे. रात्री दारे व झरोके उघडे ठेवल्यास साठलेली उष्णता लवकर बाहेर पडते.

आतील अस्तर

सुस्थितीतील घरांत सरांच्या खालून फळ्यांची तक्तपोशी करीत. तिच्यामुळे माती अंगावर पडत नाही, शिवाय छत व फळ्या यांच्यामध्ये हवेचा थर राहतो. साध्या घरांत त्याऐवजी कापडी छत बांधले जाई. भिंतींना आतून माती, शेण व भुसा यांचा गिलावा देतात. शेतातील व खळ्यातील लाकडी खोपटांत पऱ्हाट्या, तुराट्या किंवा बांबू यांचा कूड उभारून त्यालाही आतून असेच लिंपतात. लिंपणामुळे फटी बुजतात आणि उष्ण वारा व धूळ आत येत नाही.

देखभाल व धोके

पावसाळ्यापूर्वी धाब्यावरील भेगा बुजविणे, उगवलेले गवत काढणे, पन्हाळी मोकळ्या करणे व नवी खारी माती पसरणे आवश्यक असते. २० सेंटिमीटर जाडीच्या कोरड्या मातीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलोग्रॅम भरते. भिजल्यावर ते आणखी वाढते. जुना थर न खरवडता दरवर्षी नवी माती टाकल्यास सांगाड्यावरील भार वाढत जातो. वाळवी लागलेले किंवा भिंतीत दडलेले कुजके लाकूड बाहेरून दिसत नाही. संततधार पावसात छत कोसळण्यामागे बहुधा ही दोन्ही कारणे एकत्र असतात. सर वाकणे, फळ्यांतून माती गळणे, छताला ओल येणे व खांब कलणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी घर रिकामे करून छताला टेकू देणे व भार कमी करणे गरजेचे असते.

बदलते स्वरूप

सागवानाची वाढती किंमत, कुशल कारागिरांची घटती संख्या व देखभालीचे कष्ट यांमुळे अनेक ठिकाणी धाब्याची जागा पत्र्याने किंवा काँक्रीटच्या स्लॅबने घेतली आहे. पत्रा हलका असल्याने कोसळण्याचा धोका कमी होतो. परंतु तो उन्हात लगेच तापतो व उष्णता थेट खाली फेकतो. त्यावर उपाय म्हणून पत्र्याखाली बांबूची चटई, प्लायवूड किंवा थर्मोकोल यांचे अस्तर लावले जाते. अस्तर व पत्रा यांच्यामध्ये काही सेंटिमीटर मोकळी जागा आणि दोन्ही टोकांना हवा खेळण्यासाठी वाट ठेवल्यास त्याचा अधिक उपयोग होतो. तेथे जाळी लावल्यास उंदीर शिरत नाहीत. थर्मोकोल सहज पेट घेतो व जळताना विषारी धूर सोडतो. म्हणून चुलीजवळ किंवा उघड्या वीजतारांलगत तो वापरणे घातक ठरते. पत्र्याला किंवा स्लॅबला वरून पांढरा रंग अथवा चुना दिल्यास ऊन परावर्तित होते आणि छत मुळातच कमी तापते.