नगरच्या खुराकात सॅल्मन

वर्ष-दीड वर्ष फुकट म्हटल्यावर नगरकर मागे कसे राहतील? चॅटजीपीटीची ‘गो’ योजना, जिओचं जेमिनाय, एअरटेलचं पर्प्लेक्सिटी. २०२५ मधल्या या खिरापतीच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्यात. तिचं पुढं काय झालं, ते बघायला मी सावेडीतल्या एका जिममध्ये गेलो.

तिथला ट्रेनर सव्वीस वर्षांचा. पहाटे साडेपाचला शटर वर, रात्री दहाला खाली, आणि अंगावर चाळीसेक पर्सनल क्लायंट. प्रत्येकाला आठवड्याचा वर्कआउट हवा, डाएट चार्ट हवा, महिन्याचा आढावा हवा, आणि चार दिवस दांडी मारली की एक गोड मेसेजही हवा. पूर्वी तो ही लिखापढी रात्री अकरानंतर करायचा. म्हणजे एकच चार्ट नाव बदलून सगळ्यांना पाठवायचा, हे त्यानंच हसत सांगितलं. आता फुकटच्या चॅटबॉटमध्ये वय, उंची, वजन टाकलं की मिनिटाच्या आत प्रत्येकाचा वेगळा चार्ट तयार. पहिल्याच चार्टमध्ये सकाळी ग्रीक योगर्ट नि ब्लूबेरी, दुपारी किनोआ, रात्री ग्रिल्ड सॅल्मन. मुळा धरणाच्या जिल्ह्यात सॅल्मन!

माझं खरं भांडण किनोआशी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात शंभर ग्रॅम किनोआत सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं आहेत, तेवढ्याच हुलग्यात जवळपास २२. ज्या हुलग्याचे शेंगोळे आपली आजी थंडीत करायची, तोच हा. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपून पद्मश्री मिळवली; आणि आपण पाकिटातलं परदेशी धान्य तोलून खायचं. दोष बॉटला तरी किती द्यायचा? तो इंग्रजी इंटरनेटवर पोसलेला. ‘नगर जिल्हा, बाजरीची भाकरी, म्हशीचं दूध, मासे नकोत’ असं बजावल्यावर त्यानं हुलगा, मटकी, ताक मुकाट्यानं आणलं. मात्र संकष्टीच्या दिवशी दोन उकडलेली अंडीही ठेवली.

भाषेची गंमत आणखी वेगळी. जिममध्ये अठ्ठावन्न वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका येतात. तीन दिवस आल्या नाहीत म्हणून त्यांना बॉटनं लिहिलेला मेसेज गेला: ‘तू एक योद्धा आहेस! हार मानू नकोस!’ पोरगं एरवी त्यांना ‘काकू’ म्हणतं, अहो-जाहो करतं. काकूंनी मेसेजचा प्रिंट काढला, ‘तू’भोवती लाल गोल केला आणि आणून हातात दिला. त्यांच्या चार्टमध्ये कमरेच्या व्यायामाला ‘आपला गाभा गुंतवा’ अशी सूचना होती. त्याखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘म्हणजे नेमकं काय करू?’ पोट घट्ट आवळून धरा, एवढंच. मराठीत व्यायामावर कुणी लिहिलंच नाही, असंही नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी १९३६ पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड काढले. जोर, बैठका, मल्लखांब, कुस्तीचे डाव, सगळं साध्या मराठीत सांगता येतं.

हसण्यावारी न्यायची गोष्ट इथं संपते. ऑगस्ट २०२५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात साठ वर्षांच्या एका माणसाची हकिकत आली. त्याला आहारातून क्लोराइड हद्दपार करायचं होतं. चॅटजीपीटीला विचारून त्यानं मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खायला घेतलं. तीन महिन्यांनी शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतोय असा भ्रम त्याला झाला आणि तीन आठवडे रुग्णालयात काढावे लागले. क्लोराइडच्या जागी ब्रोमाइड वापरता येतं हे खरं, पण ते काही साफसफाईच्या कामांत, ताटात नाही. आपल्याकडे पर्सनल ट्रेनर व्हायला सरकारी परवाना लागत नाही. त्यामुळे चार्ट बॉटनं लिहिला तरी तो पाठवणाऱ्याला विचारणारं फारसं कुणी नाही. शिवाय क्लायंटचे रक्ताचे रिपोर्ट सरळ चॅटमध्ये चिकटवले जातात. खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. या जिममध्ये त्याचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

तरीही ‘बंद करा हे’ असं माझ्या तोंडून निघत नाही. रात्री अकराला पेंगत लिहिलेल्या त्या एकाच चार्टपेक्षा हे बरं. फक्त तालमीतला वस्ताद पठ्ठ्याला आधी समोर उभा करायचा, मग खुराक सांगायचा. तो क्रम उलटा होऊ नये.

मी निघत होतो तेव्हा एक नवे गृहस्थ आले, पन्नाशीचे, मार्केट यार्डात आडत दुकान असलेले. बॉटनं बनवलेला फॉर्म त्यांनी भरून दिला. ‘काही औषधं चालू आहेत का?’ यापुढे ‘नाही’. ट्रेनरनं फोन खिशात ठेवला नि सहज विचारलं, “काका, सकाळी उठल्यावर काय काय घेता?”

“काय असणार? कोमट पाणी, चहा, बीपीची गोळी.”