स्वरावर हुकूम कोणाचा?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइडचं खनिज निघतं. खाण मॉइलची, म्हणजे नागपुरात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीची. मँगनीज म्हटलं की पोलादच आठवतं. पण इथल्या डायऑक्साइडला कोरड्या सेलच्या कारखान्यांकडूनही मागणी असते. जॉर्ज लक्लांशे यांनी १८६६ साली मांडलेल्या घटाचं सूत्र साध्या सेलमध्ये अजून चालू आहे : बाहेर जस्ताचं कवच, मधोमध कार्बनची कांडी आणि तिच्याभोवती ही काळी भुकटी. एवढ्यातून दीड व्होल्ट मिळतो. टॉर्चमध्ये तो उजेड पाडतो. मॉड्युलर सिंथेसायझरला जोडला तर दीड सप्तक देतो.

मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये प्रत्येक कामाला वेगळा डबा असतो. एक (ऑसिलेटर) आवाज काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा लहानमोठा करतो. या डब्यांना हुकूम सोडतं ते कंट्रोल व्होल्टेज. वाजवणारे त्याला ‘सीव्ही’ म्हणतात. अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्यासोबत १९६४ मध्ये ही रचना उभी केली. मूग यांचा हिशेब एका सप्तकाला एक व्होल्ट असा आहे. त्याचे बारा भाग केले की एका अर्धस्वराच्या वाट्याला सुमारे ८३ मिलिव्होल्ट येतात. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांनी सप्तकाला १.२ व्होल्ट धरले, म्हणजे अर्धस्वराला सरळ १००. जपानी कोर्ग कंपनीच्या एमएस-२० मध्ये (१९७८) तर दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होतं. एका घराण्याचा की-बोर्ड दुसऱ्याच्या ऑसिलेटरला जोडला की सगळं बेसूर होतं, ते यामुळे. जर्मनीच्या डीटर डोप्फर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेल्या युरोरॅक पद्धतीत मूग यांचाच हिशेब पाळला जातो.

हुकूम सोडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एक सेल आणि एक पॉट, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तो भाग. बटण फिरवलं की स्वर खालच्या षड्जापासून वरच्या सप्तकातल्या तीव्र मध्यमापर्यंत अखंड सरकतो. मींड फुकटात मिळते. पण बोटाला कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि सेल उतरतो. दीडचे १.४ व्होल्ट झाले की तो तीव्र मध्यम घसरून शुद्ध मध्यमाच्याही किंचित खाली जातो.

की-बोर्ड हे दुखणं दूर करतो. जुन्या की-बोर्डमध्ये रोधकांची साखळी असते आणि प्रत्येक पट्टी तिच्यातून ठरावीक व्होल्टेज उचलते. पट्टी सोडल्यावर ते व्होल्टेज एका कपॅसिटरवर टिकवून धरलं जातं. कपॅसिटर गळका असेल तर लांबवलेला स्वर हळूहळू ढळतो. पण आपली खरी अडचण गंधाराशी आहे. सम भागांत वाटलेल्या पट्टीवर शुद्ध गंधार ३३३ मिलिव्होल्टवर येतो. तंबोऱ्याशी जुळणारा, षड्जाशी ५:४ नातं असलेला गंधार ३२२ वर आहे. अंतर अवघं ११ मिलिव्होल्टचं, पण तयार कानाला खुपणारं. पेटीबद्दल हीच तक्रार होती. १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली, तेव्हा तिच्या ठरीव स्वरांवर आणि मींड न निघण्यावर बोट ठेवलं गेलं होतं.

मूग यांच्याकडे रिबन कंट्रोलरही होता. ताणलेल्या पट्टीवर बोट जिथे टेकेल तिथलं व्होल्टेज बाहेर पडतं आणि बोट सरकवलं की स्वर सरकतो. सारंगीची सवय असलेल्या हाताला याहून जवळचं काही नाही. बुक्ला यांनी तर पियानोसारख्या पट्ट्याच टाळल्या. स्पर्शाच्या पाट्या आणि लावून ठेवलेला स्वरक्रम आपोआप वाजवणारा सिक्वेन्सर दिला. सिक्वेन्सरच्या प्रत्येक घराला वेगळं बटण असतं, त्यामुळे गंधार हवा तिथे लावून ठेवता येतो. पण एकदा लावलेला क्रम तो मुकाट फिरवत राहतो.

हुकूम कोणत्या यंत्राकडे द्यायचा, ही निवड आपल्याकडे प्रत्यक्ष झालेली आहे. १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूगचं यंत्र बसवलं. गीता साराभाई, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तिथे केलेलं काम १९६९ ते ७२ च्या ध्वनिफितींत होतं. ते २०२३ मध्ये रसिकांसमोर आलं. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. सोबतीला रोलँडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं होती. टीबी-३०३ चार सेलवरही चालतं आणि त्याच्या सिक्वेन्सरमध्ये दोन स्वर जोडणारी सरक आहे. रागाच्या कानाला ती लगेच ओळखीची वाटते. मात्र ती किती वेळात पुरी व्हायची हे यंत्रानं ठरवून टाकलेलं आहे. मींडेत ते गवई ठरवतो.

आता संगणकावरून सीव्ही काढणारे मॉड्यूल आले आहेत. त्यात पाहायचं ते बिटांकडे. दहा व्होल्टचा पल्ला १२ बिटांत वाटला तर एक पायरी सुमारे अडीच मिलिव्होल्टची होते. संथ मींडेत ती ऐकू येऊ शकते. १६ बिटांत तीच पायरी ०.१५ वर येते आणि ३२२ चा गंधार नेमका साधतो.

भाऊबीजेनंतर भंडाऱ्यात मंडया भरतात, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. पेटी-तबल्याच्या जोडीला तिथे की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड केव्हाच रुळलेत. तिथल्या एखाद्या वादकाला मॉड्युलरची गोडी लागली तर पहिला खर्च ऑसिलेटरवर करू नये. हुकूम देणाऱ्या यंत्रावर करावा. राग आळवायचा असेल तर रिबन, ठेक्यावर बांधलेली रचना असेल तर सिक्वेन्सर, पेटीचा हात असेल तर स्वर वेगळे लावता येणारा की-बोर्ड. विकत घेण्याआधी मल्टिमीटर लावावा. षड्ज आणि तार षड्ज यांत बरोबर एक व्होल्टचा फरक दिसला पाहिजे. मग रिषभावरून गंधारावर जावं आणि आकडा उडी मारतो की वाहत जातो ते बघावं. वाहणारा आकडा ख्यालाच्या कामाचा आहे; उडी मारणारा लावणीला पुरतो.