स्वयंसेवक, पण कराराने बांधलेला

युद्ध सुरू झालं की ब्रिटिश नौदलाला एकदम हजारो खलाशी लागायचे. पूर्वी व्यापारी जहाजांवरची माणसं सरळ जबरदस्तीने उचलून नेत. 1859 च्या कायद्याने वेगळी वाट काढली. व्यापारी जहाजांवरच्या जास्तीत जास्त 30,000 खलाशांनी आपणहून नाव नोंदवायचं, पाच वर्षांसाठी. हेच 'रॉयल नेव्हल रिझर्व्ह'.

आता अडचण बघा. खलाशी आज लिव्हरपूलला, तर काही महिन्यांनी कलकत्त्याला. त्याला कवायतीला बोलवायचं कधी? म्हणून सरावाची मर्यादा ठेवली वर्षाला 28 दिवस. शिवाय ते सलग भरायची सक्ती नाही. दोन सफरींच्या मधे तुकड्यातुकड्याने भरले तरी चालत. म्हणजे नियम खलाशाच्या धंद्याला जुळवून घेत होता.

'स्वयंसेवक' हा शब्द मात्र जपून वाचायला हवा. मर्जी चालायची ती नाव नोंदवेपर्यंतच. राणीचा जाहीरनामा निघाल्यावर जो हजर झाला नाही, त्याच्यावर पळपुटा म्हणून कारवाई होऊ शकत असे. तरी जुन्या धरपकडीहून फरक मोठा होता: काय करावं लागेल आणि किती वर्षं, हे सही करण्याआधीच कळत होतं.